कुलूप, काठी आणि कायदा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

जालन्याच्या कोर्टात वकिली करताना गेल्या तीस वर्षांत एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. सकाळी दार उघडावं, तर पायरीवर माणूस बसलेला असतो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आरसी बुक. "वकीलसाहेब, गाडी गेली वो." एवढं बोलतो आणि गप्प होतो.

मोटारसायकल गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. भोकरदन-जाफराबादकडचा माणूस पहाटे दुधाचे कॅन तिला अडकवून निघतो. अंबड-घनसावंगीचा मोसंबीवाला शेतकरी तिच्यावरच औषधाचा पंप आणि खताची गोणी नेतो. मंठा-परतूरच्या वस्तीवरच्या पोरी तिच्यावर बसून शाळेत येतात, कारण एसटी सकाळी गेली की संध्याकाळीच दिसते. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर आधी गाडीच काढतात. आणि यातल्या बहुतेक गाड्या हप्त्यावरच्या. चोर गाडी नेतो, हप्ता नेत नाही. तो दर महिन्याला दारात येऊन उभा राहतो.

हे मी दुसऱ्याचं सांगतोय असं समजू नका. २०१२ च्या उन्हाळ्यात माझीही गाडी गेली, आणि तीही कोर्टाच्या फाटकासमोरून. पुढची तारीख घ्यायची होती, दहा मिनिटांचं काम, म्हणून हँडल लॉक केलं नाही. बाहेर आलो तर जागा रिकामी. आधी मी रांगेतल्या सगळ्या गाड्या पाहून आलो. मग पानटपरीवाल्याला विचारलं. मग परत त्याच जागी येऊन उभा राहिलो, जणू गाडी चहा पिऊन येणार होती! घरी येऊन विम्याचा कागद काढला, तर तो फक्त त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. दुसऱ्याला धडक बसली तर त्याची भरपाई करणारा. चोरीचा एक पैसाही त्यातून मिळत नाही. पंधरा-वीस वर्षं लोकांना कायदा सांगणारा मी, मलाच माझा कागद ठाऊक नव्हता.

म्हणून आधी कुलपाचं बोलतो. काठीचं आणि कायद्याचं नंतर.

मी जी दोषारोपपत्रं वाचली, त्यांतून एक गोष्ट दिसते. बहुतेक चोऱ्या संधीच्या असतात. दवाखान्याचं फाटक, बसस्टँड, मोंढा, मंगल कार्यालय, आणि अंगारकीला राजूरच्या गणपतीसमोर लागलेल्या गाड्यांच्या रांगा. जिथं मालकाचं मन दुसरीकडं असतं, तिथं चोराचं मन गाडीत असतं. त्याला फार हत्यारं लागत नाहीत. जुन्या गाडीचं कुलूप इतकं झिजलेलं असतं, की दुसऱ्या गाडीची घासलेली किल्लीही चालते. काही वेळा तर किल्ली गाडीलाच लटकत असते, कारण मालक 'आत्ता येतो' म्हणून टपरीवर गेलेला असतो.

आणि चोराला नवी, झगमगीत गाडीच हवी असते असंही नाही. खेडोपाडी सगळ्यांकडं असते तशी साधी गाडी त्याला बरी. तिचे सुटे भाग कुठंही खपतात, आणि आडगावात ती कागदाविना वर्षानुवर्षं फिरू शकते. जालन्याच्या सीमेला छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी, बुलढाणा आणि जळगाव, असे पाच जिल्हे. दोन तासांत गाडी कुठल्याही जिल्ह्यात.

उपाय साधे आहेत. हँडल लॉक दरवेळी, दोन मिनिटांसाठीही. पण नुसत्या त्यावर भिस्त नको, जोराचा झटका दिला की ते तुटतं. त्याच्या जोडीला चाकाचं वेगळं कुलूप, किंवा साखळी घालून खांबाला, झाडाला, खिडकीच्या गजाला बांधा. चोर कुलूप उघडू शकत नाही असं नाही, पण शेजारी बिनकुलपाची गाडी असेल तर तो तुमच्या वाटेला जात नाही. मेकॅनिककडून करंट तोडणारं एक लपवलेलं बटण बसवून घ्या. किल्ली सैल झाली असेल तर कुलपाचा संच बदला. मूळ कागद डिक्कीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागद चालतात. चेसिस आणि इंजिन नंबर घरातल्या डायरीत लिहून ठेवा, कारण नंबरप्लेट बदलायला चोराला वेळ लागत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना, आणि पुढं महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली ती याचसाठी. तिचं कुलूप तोडल्याशिवाय ती निघत नाही, आणि एकदा निघाली की पुन्हा तशीच बसत नाही.

आता विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. 'पाच वर्षांचा विमा' एवढंच लोकांच्या ध्यानात राहतं. पण चोरीची भरपाई देणारा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो. दुसऱ्या वर्षी तो वेगळा घ्यावा लागतो, हे गाडी गेल्यावरच कळतं. आज घरी गेल्यावर तो कागद एकदा काढून बघा.

आता त्या रात्रीचं सांगतो.

माझी गाडी जाऊन तीन महिने झाले होते. कुंडलिका नदीच्या अलीकडं, जुन्या जालन्यात आमची गल्ली. पावसाळ्याची रात्र, अडीचचा सुमार. शेजाऱ्यांच्या दारात गलका झाला. बाहेर आलो तर अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं लोकांनी धरलेलं. शेजाऱ्याच्या गाडीच्या कुलपात त्यानं किल्ली घातली होती, त्याच वेळी शेजाऱ्याचा मुलगा लघवीला उठला आणि त्यानं ते पाहिलं. हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे पाचला उठून मैदानावर पळायचा. चपळ. त्यानं दहा पावलांत चोर गाठला.

इथवर सगळं कायद्यात बसणारं होतं. पण मग कुणीतरी दोर आणला. पोराला विजेच्या खांबाला बांधलं. "आमच्या गल्लीत येतो का?" म्हणत एकेक जण हात साफ करून घेऊ लागला. मी म्हणालो, "पोलिसांना फोन करा." म्हणालो खरं, पण हळू आवाजात. मग मी पुढं झालो, आणि मीही त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. ती थोबाडीत त्याच्या गुन्ह्याबद्दल नव्हती. तीन महिन्यांपूर्वी कोर्टासमोरून गेलेल्या माझ्या गाडीबद्दल होती. तिचा आणि त्या पोराचा काही संबंध असल्याचं मला ठाऊकही नव्हतं.

शेजाऱ्याच्या मुलाच्या हातात काठी होती. तिनं पोराच्या मनगटाचं हाड मोडलं. पोलीस आले, पोराला दवाखान्यात नेलं. चोरीच्या प्रयत्नाचा गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला आणि त्यानं उलट फिर्याद दिली. हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. शिवाय बांधून ठेवणं हा वेगळा गुन्हा. पोरानं ज्यांना ओळखलं, त्यांची नावं आली. काठीवाला त्यात पहिला. मला त्यानं ओळखलं नव्हतं. माझं नाव आलं नाही.

हे सगळं नीट समजायचं, तर कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपल्या मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यातली ९६ ते १०६ ही कलमं तिच्यात ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि घुसखोरी यांपासून आपला माल वाचवण्यासाठी तुम्ही बळ वापरू शकता. माल शेजाऱ्याचा असला तरी वापरू शकता.

पण या हक्काला कुंपण आहे. पहिलं, कलम ३७. बचावासाठी जेवढी इजा गरजेची, तेवढीच. तिच्याहून जास्त नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्कच मिळत नाही. रात्री अडीच वाजता घाबरलेल्या माणसानं मारलेला फटका कोर्ट सोनाराच्या काट्यावर तोलत नाही. बांधलेल्या माणसाला मारलेला फटका मात्र नक्की तोलतं.

दुसरं कुंपण वेळेचं. चोरीविरुद्धचा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत हाती येईपर्यंतच टिकतो. म्हणजे गाडी घेऊन पळणाऱ्याच्या मागं धावा, त्याला खाली पाडा, गाडी हिसकावून घ्या. गाडी हातात आली की हक्क संपला. त्यानंतरची पहिली चापटही बचावात बसत नाही, ती सूड ठरते. 'जयदेव विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं होतं. भांडण शेतजमिनीचं होतं. समोरचे लोक पळत सुटल्यावर त्यांच्यावर लांबून गोळ्या झाडल्या गेल्या. धोका टळला तिथं बचावाचा हक्क संपला, असं न्यायालयानं ठरवलं.

तिसरं कुंपण जिवाचं. माल वाचवताना चोराचा जीव गेला तरी चालेल, असे प्रसंग कलम ४१ मध्ये मोजून दिलेले आहेत. जबरी चोरी, रात्रीच्या वेळी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या जागेला लावलेली आग, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी की जिच्यात आपला जीव जाईल किंवा आपल्याला गंभीर दुखापत होईल, अशी रास्त भीती वाटावी. रात्री कडी तोडून घरात शिरलेला माणूस वेगळा, आणि अंगणातली गाडी ढकलत नेणारा वेगळा. चाकू काढणारा वेगळा, आणि किल्ली टाकून पळणारा वेगळा. गाडी ढकलत नेणाऱ्याचा जीव घेण्याचा हक्क कुणालाच नाही.

मग चोराला धरायचंच नाही का? जरूर धरायचं. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडला, तर तुम्ही साधे नागरिक असलात तरी त्या माणसाला अटक करू शकता. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तसं सांगतं. मात्र विनाकारण उशीर न करता, आणि फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 'डोळ्यांसमोर' हा शब्द ध्यानात ठेवा. 'परवा यानंच नेली असेल' हे डोळ्यांसमोर होत नाही. धरा, हालू देऊ नका, ११२ ला फोन लावा, आणि पोलीस येईपर्यंत त्याला लोकांच्या मारापासून वाचवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं.

शेतातल्या आखाड्यावरचं एक सांगतो, कारण ते वारंवार विचारलं जातं. "मोटार, केबल, गाडी, सगळं चोरीला जातंय, कुंपणात करंट सोडला तर?" सोडू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटनं शेजारी, मजूर आणि घरची माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बिहारचा एक खटला होता. शेजारचे लोक आपला संडास वापरतात म्हणून एकानं वाटेत उघडी वीजवाहक तार लावली. एक बाई मेली. जागा माझी, ती घुसखोर, हा बचाव न्यायालयानं मानला नाही. तारेला चोर आणि लेकरू यांतला फरक कळत नाही.

आणि जमावालाही तो कळत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठेचून मारलं. ते पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेला बळी पडले. पुढं शंभरावर लोकांना अटक झाली. आजच्या विषयाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण झारखंडमधलं आहे. सराईकेला-खरसावाँ जिल्ह्यात जून २०१९ मध्ये एका तरुणाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून खांबाला बांधून रात्रभर मारलं. काही दिवसांनी तो मेला. २०२३ मध्ये दहा जणांना प्रत्येकी दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. तिथंही खांब होता, दोर होता, आणि आपल्यासारखीच शेजारपाजारची माणसं होती. ते वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतला खांब आठवला. आमच्याकडं मनगटावर भागलं, ते आमच्या शहाणपणामुळं नव्हे. पोलीस लवकर आले म्हणून.

संशय नेहमी कुणावर जातो, हेही आपण मनाशी कबूल केलं पाहिजे. आपल्या मराठवाड्यात गावाबाहेर पाल पडलं की चोरीचा आळ आधी तिथं जातो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, आपल्या डोक्यातली यादी अजून गेलेली नाही.

गाडी गेलीच, तर काय करायचं? आधी ११२, मग ठाणं. 'दोन दिवस शोधा, सापडेल' असं कुणी म्हणालं तरी त्याच दिवशी फिर्याद द्या. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन दिलात तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे. नोंदवून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तरीही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. विमा कंपनी, कर्ज देणारी संस्था आणि आरटीओ यांना त्याच दिवशी लेखी कळवा. फिर्याद वेळेवर दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. पण ती वेळ आणू नका. गाडी सापडली नाही, तर पोलीस 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. ती प्रत विम्यासाठी लागते, मागून घ्या.

गाडी सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. लोकांना वाटतं, खटला संपेपर्यंत ती तिथंच. तसं नाही. २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नयेत. पंचनामा करून, फोटो काढून आणि बंधपत्र घेऊन ती मालकाला द्यावीत. कोर्टात सुपूर्दनाम्याचा अर्ज करावा लागतो, इतकंच. माझी गाडी अशीच परत आली. सात महिन्यांनी, शेजारच्या जिल्ह्यातून, दुसऱ्याच नंबरची पाटी लावलेली. चेसिस नंबरावरून ओळख पटली. तिचा चोर कुणी भलताच निघाला. मी ज्याला मारलं, तो पोरगा नव्हता.

जुनी गाडी घेणाऱ्यांनाही दोन शब्द. पन्नास हजारांची गाडी कुणी पंधरा हजारांत देत असेल आणि 'कागद नंतर देतो' म्हणत असेल, तर समजून घ्या. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हाही गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गाड्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही, तर निम्म्या चोऱ्या आपोआप थांबतील असं मला वाटतं. गाडी विकणाऱ्यानंही नुसत्या विश्वासावर किल्ली देऊ नये. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरटीओकडं नाव बदलल्याशिवाय तुमची सुटका नाही.

आता त्या शेजाऱ्याच्या मुलाचं राहिलं. ती केस पाच वर्षं चालली. मी त्या रात्री तिथं हजर होतो, त्यामुळं त्याचं वकीलपत्र मला घेता येत नव्हतं. दुसऱ्या वकिलाकडं पाठवला. दर तारखेला तो कोर्टात यायचा, मला बघायचा आणि मान खाली घालायचा. मान मी खाली घालायला हवी होती. मधल्या काळात दोनदा भरती निघाली. धावण्यात तो पहिल्या रांगेतला, पण चारित्र्य पडताळणीच्या रकान्यात प्रलंबित गुन्हा. शेवटी साक्षीपुराव्याअभावी तो निर्दोष सुटला, तेव्हा वयाची अट ओलांडून गेली होती. चोरी करायला आलेल्या पोराचं प्रकरण त्याच्या कितीतरी आधी निकाली निघालं होतं.

आज तो एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो. बापाची तीच गाडी अजून वापरतो. रात्री ती अंगणातल्या लिंबाला साखळीनं बांधतो, दोनदा ओढून बघतो, मग आत जातो. ती साखळी तेव्हा अडीच-तीनशे रुपयांना मिळत होती.